कॉलेजला जाणे आणि कॉलेजात असणे

काही दिवसांपूर्वीची गोष्ट. सकाळी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. आमच्या भवानी पेठेत अजून काही घरांना ओसरी उरली आहे आणि त्या ओसरीवर पेपर वाचणारे माझ्यासारखे काही निवृत्त लोकही. शेजारची मुलगी हातात एक कागद घेऊन आली. ती नुकतीच कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला गेली आहे. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळते. त्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच. मला ती 'ताता' म्हणते. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा एकाच नळावर पाणी भरतात, त्यामुळे नात्यांची नावे कुठल्या भाषेतली हे कोणी विचारत नाही.

"ताता, यातलं काय घेऊ?" तिने कागद पुढे केला. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षापासून सहशालेय उपक्रमांनाही क्रेडिट दिले आहेत. योग, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, एनएसएस, एनसीसी अशी यादी होती आणि एकावर खूण करायची होती.

"तुला यातलं काय आवडतं?" मी विचारले.

"जे लवकर संपेल ते," ती म्हणाली.

मला हसू आले आणि लगेच मावळलेही. कारण हेच वाक्य मी फार पूर्वी दुसऱ्या एकाच्या तोंडून ऐकले होते. त्याचे पुढे काय झाले ते मला माहीत आहे आणि त्यात माझा वाटा किती हेही माहीत आहे. ते आज सांगायचे आहे.

मी पहिल्या वर्षात गेलो तो जुलै १९७७ चा. दहावी-बारावीच्या नव्या आकृतिबंधातली आमची पहिली तुकडी. १९७५ साली दहावी, १९७७ साली बारावी. सोलापूरला तेव्हा स्वतःचे विद्यापीठ नव्हते. आमच्या मार्कलिस्टा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून यायच्या. सोलापूर विद्यापीठ झाले ते २००४ मध्ये आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. पण कॉलेजे जुनी होती. दयानंद १९४० चे, संगमेश्वर १९५३ चे. गिरण्यांच्या या गावात ज्यांच्या आजोबांनी आयुष्यभर भोंग्यावर दिवस मोजले, त्यांची नातवंडे तासाच्या घंटेवर दिवस मोजू लागली ती या कॉलेजांमुळे.

आमच्या नायनांचा म्हणजे वडिलांचा जन्म मागावर गेला. आधी हातमाग, मग मालकाच्या कारखान्यात यंत्रमाग. अम्मा घरी कांड्या भरायची आणि सकाळी तास-दोन तास मीही भरायचो. मग आंघोळ, शेंगाचटणी-भाकरी आणि मधल्या मारुतीच्या गर्दीतून सायकल काढत कॉलेज. पहिले दोन महिने मी तिथे काय केले? हजेरीला 'येस सर' म्हटले. शे-सव्वाशे मुलांच्या वर्गात माझा एक नंबर होता. तो पुकारला की मी उभा राहायचो, तास संपला की सायकल काढायचो. नोटीस बोर्डाजवळ गर्दी असली की वाटायचे, ही गर्दी कोणा दुसऱ्यांची आहे. वक्तृत्व, नाटक, स्नेहसंमेलन, निवडणूक हे सगळे इस्त्रीच्या शर्टवाल्या मुलांचे. आपण फी भरली आहे ती फक्त बाकाची.

तिथून मला आत ओढले ते माझ्या अक्षराने. कारखान्यात सुताच्या गाठोड्यांची नोंदवही मी शाळेत असल्यापासून लिहीत असे. मालक नीटनेटक्या अक्षराबद्दल फार कडक होते. एकदा मराठीच्या सरांनी माझी वही पाहिली आणि विचारले, "भित्तिपत्रक लिहून देशील का? आमच्याकडे कवी पुष्कळ आहेत, अक्षर कुणालाच नाही."

ग्रंथालयाशेजारच्या खोलीत एक लांब टेबल होते. तिथे दर शनिवारी तास संपल्यावर मी बसू लागलो. दुसऱ्यांच्या कविता ड्रॉइंग पेपरवर उतरवून काढायच्या, एवढेच काम. पण त्या टेबलाभोवती वरच्या वर्गातली मुले यायची, वाद घालायची, चहा मागवायची. संगमेश्वरला निर्मलकुमार फडकुले मराठी शिकवतात आणि त्यांचे व्याख्यान चुकवू नये, हे मला तिथेच कळले. मग त्यांचे व्याख्यान गावात कुठेही असो, मी सायकल काढायचो. बँकेच्या भरतीच्या परीक्षा असतात आणि त्यांचे फॉर्म कुठे मिळतात हेही त्याच टेबलावर कळले. नायनांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि वर्गात ते कोणी शिकवत नव्हते.

तिसऱ्या की चौथ्या अंकात सरांनी मला स्वतःचे काही लिहायला लावले. मी मागाच्या आवाजावर लिहिले. कागद भिंतीवर लागला आणि दुपारपर्यंत कोणीतरी लाल पेन्सिलीने खुणा केल्या. मी लिहिले होते, 'चादर फाटला' आणि 'सायकल पंक्चर झाला'. तेलुगूत निर्जीव वस्तूंना मराठीसारखे पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. घरात ती भाषा बोलणाऱ्या मुलाला मराठीतली चादर ती आणि टॉवेल तो का, हे पाठच करावे लागते. आठवडाभर पोरे मला पाहून 'चादर आला, चादर आला' म्हणत होती. पुढच्या शनिवारी मी त्या खोलीत गेलो नाही. सोमवारी सरांनी जिन्यात गाठले. म्हणाले, "चूक व्याकरणाची आहे, ती दुरुस्त होते. लिहिणं बंद केलंस तर ते कोण दुरुस्त करणार?" मी परत गेलो. आज माझ्या नावावर ज्या काही कादंबऱ्या आहेत, त्यांचे पहिले पान मी त्या जिन्यात लिहिले असे मला वाटते.

आता त्या दुसऱ्याबद्दल. तो आमच्याच गल्लीतला. आम्ही एका बाकावर बसून दहावी झालो, बारावी झालो. त्याचे नाव मी लिहीत नाही, ते त्याला आवडणार नाही. हिशेबात तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. ताळेबंद जुळला नाही तर चूक कुठे आहे हे तो नुसत्या नजरेने सांगायचा. त्याचे वडील दम्याने घरी बसले होते, म्हणून तो दुपारच्या पाळीला यंत्रमागावर जायचा. अकराला कॉलेज, एकच्या आत बाहेर. मी त्याला दोन-तीनदा म्हटले, "भित्तिपत्रकाला ये की." तो विचारायचा, "किती वेळ लागतो?" एनएसएसचे नाव निघाले तेव्हाही त्याने तेच विचारले. मी कॉलेजात चाललेल्या साऱ्या गोष्टी सांगितल्या, तेव्हा तो हसून म्हणाला, "यातलं लवकर संपेल ते सांग, ते घेतो."

डिसेंबरात एनएसएसचे दहा दिवसांचे शिबिर लागले, मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यात. राष्ट्रीय सेवा योजना तेव्हा आठ वर्षांची होती. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, देशातल्या ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली होती. नायना दहा दिवसांना तयार नव्हते. 'माती उचलायला कॉलेजात कशाला जायचं? माती इथंही आहे,' हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. शेवटी अम्मा म्हणाली, "दहा दिवसांच्या कांड्या मी भरते." मी गेलो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेले ते गाव. पाझर तलावाच्या भरावावर सकाळभर माती टाकायची, दुपारी गावात फिरायचे, रात्री कंदिलाभोवती गप्पा. बागायतदाराचा मुलगा आणि मी एकाच पाळीत भाकऱ्या थापायला बसलो आणि दोघांच्याही भाकऱ्या सारख्याच फाटल्या. आयुष्यात प्रथमच मी पंचवीस-तीस अनोळखी माणसांसमोर बसून बोललो. विषय होता, चादर कशी विणतात. ताणा कसा लावतात, धोटा कसा धावतो, जॅकार्डच्या पट्ट्यांवर फुले आधी छिद्रांत कशी असतात. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती ती इतरांना नवलाची वाटते, हे कळायला मला सोलापूर सोडून एका खेड्यात जावे लागले.

तो आला नाही. "दहा दिवस? मालक दुसरा माणूस ठेवेल," एवढेच म्हणाला. ते खरेही होते.

शिबिराहून आलो आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या. मी एका एकांकिकेत पडद्यामागे होतो. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा झाली, मग संमेलन झाले. फेब्रुवारीत केव्हातरी माझ्या लक्षात आले की बाकावरची शेजारची जागा बरेच दिवस रिकामी आहे. कारखान्यात त्याला आता सकाळचीही पाळी करावी लागत होती. मार्चमध्ये हजेरी अपुरी असणाऱ्यांची यादी लागली. त्याची टर्म ग्रँट झाली नव्हती.

आता जे सांगतो ते मी आजवर फारसे कोणाला सांगितलेले नाही. घरच्या अडचणीचे कारण लिहून वेळेत अर्ज केला तर प्राचार्य हजेरीत काही सूट देतात, हे मला माहीत होते. नोटीस बोर्डावर ते नव्हते. भित्तिपत्रकाच्या टेबलावर वरच्या वर्गातल्या एकाने ते बोलता बोलता सांगितले होते. शिबिरामुळे प्राचार्य मला नावाने ओळखत होते. मी त्याच्या घरी गेलो असतो, अर्ज लिहून घेतला असता, त्याला सोबत घेऊन केबिनपाशी उभा राहिलो असतो, तर बहुधा काम झाले असते. घर माझ्या घरापासून चौथे. पण मी तालमींत होतो. कॉलेजही त्याला विसरले असे म्हणता येणार नाही, कारण विसरायला आधी ओळख लागते. शे-सव्वाशेतला एक नंबर 'येस सर' म्हणायचा थांबला, इतकेच.

त्याने कॉलेज सोडले. मी पदवी घेतली, बँकेत लागलो. बदल्यांवर फिरत १९८८ मध्ये पुन्हा सोलापूरच्या शाखेत आलो. एक दिवस तो समोर येऊन उभा राहिला. दोन जुने यंत्रमाग विकत घ्यायचे होते, कर्ज हवे होते. कागदपत्रे इतकी चोख की मला एकही प्रश्न काढता आला नाही. प्रकरण मंजूर झाले. त्या दिवशी बाहेर चहा पिताना मी धीर करून ती फेब्रुवारीची गोष्ट काढली. अर्जाचे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग शांतपणे म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही रे. तू कॉलेजात होतास. मी कॉलेजला जात होतो."

कर्ज त्याने मुदतीआधी फेडले. ते वाक्य मात्र माझ्या खात्यावर तसेच आहे.

पुढे वाचनात आले की यावर परदेशात मोठा अभ्यास झालेला आहे. अलेक्झांडर ॲस्टिन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये एक सिद्धांत मांडला. त्याचा साधा अर्थ असा की विद्यार्थी आपल्या शिक्षणात जितका जीव ओततो तितके त्याला मिळते, आणि जो कॉलेजात कशात तरी गुंतलेला असतो तो कॉलेज अर्ध्यावर सोडण्याची शक्यता कमी. कॉलेज सोडून जाणाऱ्यांचा त्यांनी आधीच अभ्यास केला होता. त्यात एक गोष्ट फार बोलकी आहे. बाहेर पूर्णवेळ नोकरी करणारा मुलगा तुटतो. पण कॉलेजच्याच आवारात थोडा वेळ काम करणारा मुलगा उलट टिकतो. कारण त्या कामाच्या निमित्ताने त्याच्या चार ओळखी होतात.

हे वाचले तेव्हा मला साताऱ्याची आठवण झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि 'कमवा आणि शिका' हे तत्त्व कॉलेजच्या आवारात आणले. गरीब मुलाने काम करायचे, पण ते कॉलेजच्या शेतात, कॉलेजच्या ग्रंथालयात, आपल्यासारख्या दुसऱ्या मुलांबरोबर. अमेरिकेतल्या अभ्यासकांना आकड्यांतून जे दिसले ते आमच्या कर्मवीरांनी आधीच करून दाखवले होते. माझ्या मित्राला ते दहा तासांचे काम याच आवारात मिळाले असते तर! आजही अनेक कॉलेजांत ही योजना आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांनी ऑफिसात जाऊन तिची चौकशी जरूर करावी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आत जाण्याची एक वाट मधल्या काळात अरुंद झाली, हेही सांगितले पाहिजे. आमच्या वेळी वर्गप्रतिनिधीच्या निवडणुका व्हायच्या. त्यांत दंगाही व्हायचा, पुढे पुढे तर हिंसाचार झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात त्या बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आहे, पण तो जुना माहोल परतलेला नाही. दंगा गेला ते बरेच झाले. पण दहा अनोळखी मुलांकडे जाऊन 'मला मत दे' म्हणण्याचा धीरही त्याबरोबर गेला.

तरी बाकीची दारे आहेतच आणि कुठले दार कोणाला कुठे नेईल हे सांगता येत नाही. अभिनेते अतुल कुलकर्णी सोलापुरात वाढले. पुण्यातले इंजिनिअरिंग अर्धवट सोडून ते परतले, इथे दयानंदमध्ये इंग्रजी साहित्य शिकले, 'नाट्य आराधना' या संस्थेत नाटके करू लागले आणि तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पोहोचले. सगळेच नट होणार नाहीत. मीही पडद्यामागेच होतो. पण पडदा वेळेवर ओढायला शिकलेला माणूस पुढे बँकेची तिजोरीही वेळेवर उघडतो, एवढे अनुभवाने सांगतो.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना माझे सांगणे थोडेच आहे. सगळीकडे नाव घालू नका, एकच गोष्ट धरा. तिच्यासाठी वेगळे कौशल्य शोधत बसू नका. घरात जे येते तेच आधी उपयोगी पडते. कोणाचे अक्षर, कोणाचा हिशेब, कोणाची शिलाई, कोणाचा मोबाइलवर फोटो काढायचा हात. आठवड्यातला एक दिवस तास संपल्यावर तासभर थांबा. पहिल्या दिवशी कोणी हसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आणि एका तरी शिक्षकाला तुमचे नाव ठाऊक होईल असे पाहा.

आईवडिलांना सांगणे आहे ते वेगळे. मुलगा किंवा मुलगी कॉलेजातून उशिरा आली तर आधी 'उशीर का' असे विचारू नका, 'काय केलंस' असे विचारा. आणि कॉलेज चालवणाऱ्यांना हात जोडून एक विनंती. तुमचे सारे उपक्रम दुपारी दोननंतर असतात, आणि ज्या मुलांना त्यांची सगळ्यात जास्त गरज आहे ती त्या वेळी पाळीवर असतात. मधल्या सुटीचा अर्धा तास त्यांच्यासाठी ठेवा. सवलतींचे नियम बोर्डावर मोठ्या अक्षरात लावा. क्रेडिट देऊन मुले कागदावर येतील. आत यायला त्यांना कोणीतरी बोलवावे लागते.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या घरी गेलो. मुलीने एनएसएसवर खूण करायचे ठरवले होते, पण आईला सांगायचा धीर होत नव्हता. आई दारात सूप मांडीवर घेऊन बसली होती. बोटे चालूच.

"किती वेळ जाईल, काका?" तिने विचारले.

"वर्षाला १२० तास. शिवाय सात दिवसांचं शिबिर."

तिने मान वर केली नाही. पान कापता कापता मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे बारा-तेरा दिवसांच्या विड्या," ती म्हणाली. "आणि शिबिराच्या वेगळ्या."

मी काहीच बोललो नाही. हिशेब बरोबर होता आणि तो माझ्या अम्मानेही एकदा केला होता. थोड्या वेळाने तिने दोरा तोडला, विडी जुडीत टाकली आणि मुलीला म्हणाली, "जा. पण एकटी जाऊ नकोस. मागच्या गल्लीतली ती पोरगी तुझ्याच वर्गात आहे ना? कुणाशी बोलत नाही म्हणतेस ती? तिचंही नाव घाल."

चौथ्या घरापर्यंत चालत जायचे मला सुचले नव्हते. तिला ते सूप खाली न ठेवता सुचले.